रिझल्ट कुठं, कॉन्सिक्वेन्स कुठं: इंग्रजी नव्यानं शिकणाऱ्या खान्देशी मुलामुलींसाठी

रावेर तालुक्यातला माझा एक जुना विद्यार्थी केळीच्या पॅकहाऊसमध्ये कामाला आहे. आखाती देशांत जाणाऱ्या कंटेनरची कागदपत्रं आणि तिकडच्या व्यापाऱ्यांशी होणारा पत्रव्यवहार तोच सांभाळतो. एकदा कंटेनर बंदरावर अडकला. उशीर झाला तर मालावर परिणाम होईल, एवढंच त्याला कळवायचं होतं. केळी साधारण १३ ते १४ अंशांवर ठेवून पाठवतात. वाटेत दिवस वाढले की ती पिकायला लागण्याची भीती असते. त्यानं ईमेलमध्ये लिहिलं, ‘इफ द कंटेनर इज डिलेड, देअर विल बी कॉन्सिक्वेन्सेस.’ थोड्याच वेळात पलीकडून फोन आला, आवाज चढलेला: तुम्ही आम्हाला धमकी देता का?

संध्याकाळी तो माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. ‘सर, डिक्शनरीत पाहूनच लिहिलं होतं. परिणाम म्हणजे कॉन्सिक्वेन्स.’ डिक्शनरी खोटी नव्हती आणि पोराचा अभ्यासही कच्चा नव्हता. मराठीतला ‘परिणाम’ हा शब्द इतका मोठ्या मनाचा आहे की इंग्रजीतले दोन वेगळे शब्द तो एकट्यानं सांभाळतो. आपण मराठीतून इंग्रजीत जातो तेव्हा त्या दोघांपैकी कोणाला बोलवायचं हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं. ते शिकवावं म्हणून हा लेख. अकरावी-बारावीतली, नुकती नोकरीला लागलेली, स्पर्धा परीक्षेच्या निबंधाची तयारी करणारी मुलं माझ्या डोळ्यांसमोर आहेत. घाई करू नका. एक पायरी नीट बसली की मगच पुढची घ्या.

पायरी १: ‘परिणाम’ हा शब्द थोडा वेळ बाजूला ठेवा

इंग्रजी वाक्य बनवण्याआधी तेच वाक्य मराठीत ‘परिणाम’ न वापरता म्हणून पाहा. माझ्या अनुभवात निम्मं काम इथंच होतं, कारण आपल्या भाषेत हा फरक आधीपासून आहे. तो नामात दिसत नाही, क्रियापदात दिसतो.

‘निकाल लागला’, ‘औषधाचा गुण आला’, ‘मेहनतीचं फळ मिळालं’, ‘एवढं हाती आलं’ असं काही तोंडात आलं, तर इंग्रजीत बहुधा रिझल्ट.

‘अंगाशी आलं’, ‘महागात पडलं’, ‘भोगावं लागलं’, ‘निस्तरावं लागलं’ असं आलं, तर कॉन्सिक्वेन्स.

‘निस्तरणे’ हे क्रियापद तर मला या शब्दाची किल्लीच वाटतं. पोरानं गाडी ठोकली आणि बापाला निस्तरावं लागलं, यात जे निस्तरायचं असतं तेच इंग्रजीतलं ‘कॉन्सिक्वेन्सेस’. रिझल्ट कुणी निस्तरत नाही. रिझल्ट बघायचा असतो, मोजायचा असतो, चार जणांना सांगायचा असतो.

पायरी २: शेतातला ‘रिझल्ट’ आठवा

कुठल्याही कृषी सेवा केंद्राच्या बाकड्यावर पंधरा मिनिटं बसा. ‘फवारणी केली, चौथ्या दिवशी रिझल्ट दिसला.’ ‘मागच्या वर्षी या बियाण्याचा रिझल्ट नाही आला.’ ज्यांनी इंग्रजीचं पुस्तक कधी हातात धरलं नाही असे म्हातारे शेतकरीसुद्धा हा शब्द अगदी अचूक वापरतात. त्यांच्या बोलण्यात दोन गोष्टी हमखास असतात. एक, काहीतरी मनात धरून काम केलेलं असतं. दोन, ते झालं की नाही हे डोळ्यांनी पाहता येतं. इंग्रजीतला रिझल्ट नेहमी इतका काटेकोर नसतो, पण सुरुवातीला ही दोन लक्षणं धरून चाला. बारावीचा रिझल्ट, जळगावच्या विद्यापीठातल्या सेमिस्टरचा रिझल्ट, रक्ततपासणीचा रिझल्ट, माती परीक्षणाचा रिझल्ट, ग्रामपंचायत निवडणुकीचा रिझल्ट: सगळे याच घरातले. कुणीतरी तपासलं, मोजलं आणि जे निघालं ते सांगितलं.

म्हणजे रिझल्ट आपल्याकडे मुक्कामालाच आहे. परका आहे तो कॉन्सिक्वेन्स. त्याची ओळख करून देण्यात या लेखाचा पुढचा बराच भाग जाणार आहे.

पायरी ३: एकाच कामाला दोन्ही शब्द लावून बघा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. व्याख्या पाठ करून हा फरक डोक्यात राहत नाही. एकच कृती घ्यायची आणि तिच्यातून निघालेल्या दोन गोष्टींना वेगवेगळी नावं द्यायची.

फरदडीचं बघा. कापसाची वेचणी संपली, डिसेंबर उलटला, तरी शेत मोकळं न करता त्याच झाडांना पाणी देत राहायचं आणि उरलासुरला कापूस काढायचा, ही आपल्याकडची जुनी सवय. समजा त्यातून दोन क्विंटल जास्तीचा कापूस आला. ते मनात धरलं होतं, ते मिळालं, वजनकाट्यावर मोजलंही. हा रिझल्ट. पण उभ्या झाडांवर गुलाबी बोंडअळीला खायला मिळत राहिलं, तिचं जीवनचक्र तुटलं नाही, आणि पुढच्या हंगामात ती लवकर व जास्त आली. हे कुणी मागितलं नव्हतं. कापूस विकून झाल्यावर, पैसे खर्च झाल्यावर, ते मागून आलं. हा कॉन्सिक्वेन्स.

इंग्रजीत: ‘द रिझल्ट वॉज टू एक्स्ट्रा क्विंटल्स. द कॉन्सिक्वेन्स वॉज मोअर बोलवर्म द नेक्स्ट सीझन.’

ही दोन वाक्यं मोठ्यानं म्हणा. मग शब्दांची अदलाबदल करून म्हणा. पहिल्या वाक्यात कॉन्सिक्वेन्स घातला की दोन क्विंटल कापूस म्हणजे जणू काही संकट कोसळलं असं वाटतं. दुसऱ्या वाक्यात रिझल्ट घातला तर चूक होत नाही, पण वाक्याची धार जाते. फरदड आणि अळी यांच्यातला धागा सैल पडतो.

बोअरचं उदाहरणही आपल्याच मातीतलं आहे. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात भूजल किती खोल गेलंय हे तिथल्या माणसाला सांगायला नको. समजा पाणाड्यानं जागा दाखवली, गाडी आली, रात्रभर ड्रिलिंग चाललं आणि पहाटे पाणी लागलं. पाणी लागणं हा रिझल्ट. कोरडं गेलं असतं तर तोही रिझल्टच; ‘द रिझल्ट वॉज अ ड्राय बोअर.’ वाईट निकालही निकालच असतो. दोन महिन्यांनी शेजारच्या भावकीतली विहीर तळाला गेली, तर तो कॉन्सिक्वेन्स. बोअर घेणाऱ्याच्या मनात तसं काही नव्हतं. तो आपल्या केळीकडे बघत होता.

‘मनात नव्हतं’ या मुद्द्यावर थोडं थांबतो, कारण निबंध लिहिणाऱ्यांना तो फार उपयोगी पडतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९३६ साली एक शोधनिबंध लिहिला. माणूस एका हेतूनं काही करतो आणि त्यातून भलतंच निघतं, हा त्याचा विषय. त्यांनी वापरलेला शब्द कॉन्सिक्वेन्सेस, रिझल्ट्स नव्हे. आज इंग्रजी वर्तमानपत्रांत ‘अनइंटेंडेड कॉन्सिक्वेन्सेस’ हा शब्दप्रयोग सतत दिसतो. (१९३६ म्हटलं की खान्देशी माणसाला आधी फैजपूर आठवतं, त्याच वर्षीच्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन तिथं झालं. मुलांच्या साल लक्षात राहावं म्हणून मी वर्गात दोन्ही एकत्र सांगतो.) सरकारी योजना, धरणं, खतं, मोबाइल अशा कुठल्याही विषयावर निबंध आला तर ही जोडी कामाला येते. भारतात बोंडअळी रोखण्यासाठीच्या बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली, २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीनं मोठं नुकसान केलं. मधल्या पंधरा वर्षांवर कुणी इंग्रजीत लिहायला बसलं तर त्याला दोन्ही शब्द लागतील, आणि कुठला कुठं हे त्याला कळलेलं असावं लागेल.

आता एक अपवाद, म्हणजे नियम फार घट्ट आवळून बसणार नाही. कॉन्सिक्वेन्स चांगलाही असू शकतो. पाणी वाचावं म्हणून ठिबक टाकलं. पाणी वाचलं, हा रिझल्ट. पण दोन ओळींमधली जमीन कोरडी राहिल्यामुळे तणही कमी झालं, निंदणीची मजुरी वाचली. ते मागून आलेलं, न मागितलेलं, पण हवंहवंसं. इथं इंग्रजी लिहिणारा ‘अ वेलकम कॉन्सिक्वेन्स’ म्हणेल. ‘वेलकम’ हे विशेषण लावायला विसरू नका. एकटा कॉन्सिक्वेन्स दिसला की वाचणाऱ्याचं मन आधी वाईटाकडेच जातं.

पायरी ४: शब्दांचं मूळ एकदा बघून घ्या

दोन्ही शब्द लॅटिनमधून आलेले. रिझल्टच्या मुळाशी ‘रेसुल्तारे’ आहे: उसळून मागे येणे. भिंतीवर चेंडू मारला की तो उसळून तुमच्याकडेच येतो, तसं. कॉन्सिक्वेन्सच्या मुळाशी ‘सेक्वी’ आहे: मागोमाग जाणे. सीक्वेन्स, सीक्वेल, कॉन्सिक्युटिव्ह हे त्याच घराण्यातले. पोळ्याच्या मिरवणुकीत बैलामागे बैल चालतात तसं एकामागे एक येणं या सगळ्या शब्दांत आहे.

म्हणून कॉन्सिक्वेन्स वापरला की कारण आणि त्याच्या मागून आलेली गोष्ट यांची साखळी वाचणाऱ्याला दिसते. तर्कशास्त्रात आणि गणितात हा शब्द चालतो तो याच अर्थानं: हे मान्य केलं की ते ओघानं आलंच. तिथं चांगल्या-वाईटाचा प्रश्न नसतो.

उच्चाराचं इथंच सांगून टाकतो. रिझल्टमधला ‘झ’ खरं तर दाताशी जीभ नेऊन, हवा घासून काढायचा आवाज आहे, आणि जोर दुसऱ्या तुकड्यावर: रि-झल्ट. कॉन्सिक्वेन्सचे तीन तुकडे, जोर पहिल्यावर, आणि शेवट ‘क्वेन्स’ असा ओढायचा नाही, ‘क्वन्स’ असा पटकन सोडायचा.

पायरी ५: प्रत्येक शब्दाची सोबत पाठ करा

शब्द एकटा पाठ करू नका. तो कुणासोबत फिरतो हे पाठ करा.

रिझल्टसोबत: डिक्लेअर, गेट, अचीव्ह, शो. टेस्ट रिझल्ट, इलेक्शन रिझल्ट, सर्च रिझल्ट.

कॉन्सिक्वेन्ससोबत: फेस, सफर, अक्सेप्ट, लिव्ह विथ, डील विथ. विशेषणं सिरियस, ग्रेव्ह, फार-रीचिंग. आणि तो बहुतेक वेळा अनेकवचनात असतो, कारण साखळी एका कडीची नसते.

‘फेस द रिझल्ट’ मी दरवर्षी उत्तरपत्रिकांत वाचतो. अर्थ पोहोचतो, पण कानाला खटकतं. जे भोगायचं असतं त्याला सामोरं जातात. म्हणून ‘फेस द कॉन्सिक्वेन्सेस’. उलटी चूकही होते. मुलाखतीचं काय झालं हे विचारायला एका मुलीनं अर्जात ‘काइंडली इन्फॉर्म मी द कॉन्सिक्वेन्स ऑफ माय इंटरव्ह्यू’ असं लिहिलं होतं. तिला निकाल हवा होता. वाचणाऱ्याला वाटलं, मुलाखतीत काहीतरी गैर घडलंय आणि त्याचं पुढं काय होणार असं ती विचारतेय. तिथं साधा ‘रिझल्ट’ हवा होता.

पायरी ६: व्याकरणाच्या तीन जागा

पहिली. रिझल्ट क्रियापदही होतो, कॉन्सिक्वेन्स होत नाही. क्रियापदानंतर ‘इन’ आलं तर पुढे परिणाम येतो, ‘फ्रॉम’ आलं तर पुढे कारण येतं. ‘हेवी रेन रिझल्टेड इन क्रॉप लॉस’, पण ‘क्रॉप लॉस रिझल्टेड फ्रॉम हेवी रेन’. ‘रिझल्टेड इन्टू’ हे आपल्याकडच्या कचेऱ्यांत सर्रास ऐकू येतं, ते टाळा. ‘मध्ये’ आणि ‘मध्ये जाऊन’ यातला गोंधळ असावा असं मला वाटतं, पण कारण काहीही असो, परीक्षेत गुण जातात.

दुसरी. ‘ॲज अ रिझल्ट’ नंतर पूर्ण वाक्य येतं, ‘ॲज अ रिझल्ट ऑफ’ नंतर नाम. मराठीतल्या ‘त्यामुळे’ आणि ‘अमुकमुळे’ इतकाच हा फरक आहे. रोजच्या लिखाणात हे वापरा. हाच साचा कॉन्सिक्वेन्सलाही चालतो, फक्त थोडा भारदस्त वाटतो.

तिसरी. मराठीतल्या ‘परिणामी’साठी ‘कॉन्सिक्वेन्टली’ हा शब्द अगदी चपखल आहे. ‘रिझल्टंटली’ हा शब्द आपल्या कोर्टकचेरीच्या कागदांत भेटतो, बाहेर फारसा नाही. नव्यानं शिकणाऱ्यानं तो उचलू नये.

पायरी ७: धमकी आणि मोठेपणा

आता पॅकहाऊसकडे येऊ. ‘देअर विल बी कॉन्सिक्वेन्सेस’ हे वाक्य इंग्रजीत जवळजवळ शिक्क्यासारखं झालंय. पुढे विशेषण नाही, काय होणार ते सांगितलेलं नाही, नुसतं ‘होतील’. हेडमास्तर मुलाला, साहेब हाताखालच्याला, एक सरकार दुसऱ्या सरकारला असं बोलतं. मराठीतलं ‘परिणाम वाईट होतील, सांगून ठेवतो’ हे जसं ऐकू येतं तसंच ते त्या व्यापाऱ्याला ऐकू आलं. त्याचा राग खोटा नव्हता.

उपाय सोपा आहे. काय होणार आहे ते नेमकं लिहा. परिणाम या शब्दाची गरजच पडत नाही. आम्ही दोघांनी मिळून नवं वाक्य बसवलं: ‘इफ द कंटेनर इज डिलेड, द फ्रूट मे स्टार्ट रायपनिंग ऑन द वे.’ केळी वाटेतच पिकायला लागेल. यात दम देणं नाही, काळजी आहे. त्यानं माफीच्या दोन ओळींसह ते पाठवलं आणि फोन परत शांत आवाजात आला.

कॉन्सिक्वेन्सचा आणखी एक अर्थ आहे, तो ऐकून मुलं चकित होतात: महत्त्व. ‘इट इज ऑफ नो कन्सर्न’च्या शेजारीच ‘इट इज ऑफ नो कॉन्सिक्वेन्स’ बसतं: त्याला काही महत्त्व नाही. ‘अ मॅन ऑफ कॉन्सिक्वेन्स’ म्हणजे परिणाम भोगणारा माणूस नव्हे. गावात ज्याच्या शब्दाला वजन आहे तो. उताऱ्यावरच्या प्रश्नांत हा अर्थ मुद्दाम विचारतात. रिझल्टला हा अर्थ अजिबात नाही.

करार आणि विम्याच्या कागदांत ‘कॉन्सिक्वेन्शियल लॉस’ दिसला तर थांबून वाचा. शीतगृहाचं यंत्र बंद पडून माल सडला, हे थेट नुकसान. माल वेळेत न गेल्यामुळे पुढची ऑर्डर हातची गेली, हे मागून आलेलं नुकसान. बऱ्याच करारांत आणि पॉलिसींत हे दुसरं नुकसान वगळलेलं असतं. शब्द न कळल्यामुळे सही करून बसलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून एवढं कळकळीनं सांगतो.

पायरी ८: शेजारचे दोन शब्द

इफेक्ट म्हणजे एखाद्या गोष्टीनं दुसरीवर केलेला बदल. ‘अमक्याचा तमक्यावर परिणाम’ असं मराठीत ‘वर’ आलं की इफेक्ट. दुष्परिणाम म्हणजे साइड इफेक्ट. साइड रिझल्ट कधीच नाही. आउटकम म्हणजे बरंच काही घडून गेल्यावर शेवटी कुठं येऊन थांबलं ते: बैठकीचा, खटल्याचा, उपचाराचा. शाळेतलं ‘अध्ययन निष्पत्ती’ हे लर्निंग आउटकम्सचंच मराठी रूप, शिक्षकांना ते तोंडपाठ आहे. सध्या एवढं पुरे.

पायरी ९: वहीत सराव

खालची वाक्यं आधी ‘परिणाम’ टाळून मराठीत म्हणा, मग शब्द निवडा.

रात्रभर गिरणेचं पाणी वाढत होतं, तरी त्यानं पुलावरून गाडी घातली. पुढं जे झालं ते घरच्यांना भोगावं लागलं. इथं कॉन्सिक्वेन्सेस, अनेकवचनात.

पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत दिला होता, आज कागद आला. टेस्ट रिझल्ट.

बस चुकली, त्यामुळे पेपरला उशीर झाला. ‘ॲज अ रिझल्ट’. भोगणं आहे, तरी साध्या रोजच्या ‘त्यामुळे’ला हाच चालतो, इथं ‘ॲज अ कॉन्सिक्वेन्स’ चुकीचं नाही, फक्त जड होतं.

तू आलास काय, न आलास काय, काही फरक पडत नाही. ‘ऑफ नो कॉन्सिक्वेन्स’. रिझल्ट इथं बसूच शकत नाही.

सालदारानं आखाजीलाच (अक्षय तृतीयेला) काम सोडलं, ऐन पेरणीत माणूस मिळेना. यात दोघांपैकी कुठलाही चालेल. पेरणी लांबली ही बातमी सांगायची असेल तर रिझल्ट. त्याला वेळेवर पगार दिला नव्हता आणि हे त्याच्या मागून आलं, असं म्हणायचं असेल तर कॉन्सिक्वेन्स. तुम्हाला काय म्हणायचंय ते आधी ठरवा, मग शब्द लिहा.

शेवटी आपल्या घरातलं किंवा शेतातलं गेल्या वर्षभरातलं एक काम निवडा आणि त्यावर दोन वाक्यं लिहा, एकात रिझल्ट, एकात कॉन्सिक्वेन्स. लिहून झाल्यावर घरातल्या मोठ्या माणसाला त्यांचा मराठी अर्थ सांगा. पहिल्याला त्यांनी ‘बरं, मग?’ म्हटलं आणि दुसऱ्याला मान हलवून ‘व्हयनं ते व्हयनं’ (झालं ते झालं) म्हटलं, तर शब्द बरोबर जागी बसले आहेत.